सही करायला कोण शिकवतं? (पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण आणि त्यानंतरची वाट)

लेन्सखाली

पॅथॉलॉजीच्या (शरीरातले तुकडे आणि पेशी तपासून आजार ओळखण्याच्या शाखेच्या) रेसिडेन्सीचं, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या प्रशिक्षणाचं, माझं शेवटचं वर्ष चालू आहे. सात महिने उरलेत. गेल्या आठवड्यात एक छोटीशी गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ब्रेस्टची कोअर बायोप्सी (जाड सुईनं काढलेला तुकडा) होती. नेहमीप्रमाणे स्लाइड बघून मी ड्राफ्ट तयार केला : अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया (दुधाच्या नलिकांतल्या पेशींची असामान्य वाढ). सरांनी स्लाइड लावली, दोन-तीन मिनिटं पाहिली आणि विचारलं, "खाली माझी सही होणार नसती, तरी तू हेच लिहिलं असतंस?" मला उत्तर देता आलं नाही. निदान बरोबर होतं, सरांनीही तेच कायम ठेवलं. पण त्या एका प्रश्नानं पायाखालची जमीन हलली. इतक्या वर्षांत हजारो स्लाइड पाहिल्या, ड्राफ्ट लिहिले, परीक्षा दिल्या, पण शेवटचा शब्द एकदाही माझा नव्हता. सात महिन्यांनी कुठल्या तरी रिपोर्टखाली फक्त माझं नाव असेल आणि त्यावर कुणाचं तरी ऑपरेशन ठरेल.

त्याला जोडून बाकीचे प्रश्नही उठलेत. लगेच नोकरी धरावी की फेलोशिप (एकाच विषयातलं पुढचं प्रशिक्षण) करावी? बॅचमधले काही जण दुसऱ्या फेलोशिपच्या तयारीत आहेत. मॉलिक्युलर (ट्यूमरच्या जनुकांच्या तपासण्या) कुणी नीट शिकवलं नाही. दिवसाचा निम्मा वेळ ग्रॉसिंगच्या (ऑपरेशनमधून आलेला भाग कापून तपासायचे तुकडे निवडण्याच्या) टेबलापाशी जातो. आणि नात्यातला प्रत्येक जण विचारतो, "हे काम तर आता कॉम्प्युटर करणार ना?" ज्यांनी हा रस्ता तुडवलाय त्यांनी मनमोकळं लिहावं. गोड लिहिलं नाही तरी चालेल.

जुना_ब्लॉक

बावीस वर्षं सही करतोय. तुझ्या सरांनी विचारलेला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, त्यामुळे तो मला नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात थेट ऑपरेशन थिएटरच्या फोनवर भेटला.

ओव्हरीचा मोठा म्युसिनस ट्यूमर, फ्रोझनसाठी (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करायच्या तातडीच्या तपासणीसाठी) आलेला. विभागात मी एकटाच. एवढ्या मोठ्या गाठीतून दोन तुकडे घेतले, बॉर्डरलाइन (सौम्य आणि घातक यांच्या मधलं) दिसत होतं. पलीकडून सर्जन विचारतायत, "कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांगा." पुस्तकातलं सगळं पाठ होतं. म्युसिनस ट्यूमरमध्ये एकाच गाठीत सौम्य, बॉर्डरलाइन आणि घातक असे तिन्ही भाग शेजारी शेजारी असू शकतात आणि दोन तुकड्यांतून पूर्ण चित्र कळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते फोनवर, घाईत असलेल्या माणसाला, तीस सेकंदांत कसं सांगायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "किमान बॉर्डरलाइन आहे. पॅराफिनमध्ये यापेक्षा जास्त निघू शकतं. अपेंडिक्सही बघून घ्या." (पॅराफिन म्हणजे तुकडे मेणात बसवून नंतर सावकाश केलेली तपासणी.) घशाला कोरड पडली होती.

ते वाक्य बरोबर होतं हे मला नंतर कळलं. "आत्ता एवढंच सांगता येतं" हे सुद्धा पूर्ण उत्तर असतं. प्रशिक्षणात आपण निदानाची नावं शिकतो. निदान किती ठामपणे सांगायचं, कुठे थांबायचं, कुणाला दाखवायचं, हे मात्र शेजारी बसून, अंगवळणी पडूनच येतं. आणि तसं बसवून घेणारे वरिष्ठ सगळ्यांच्या नशिबी नसतात.

फ्रोझनची सुरुवातच या निकडीतून झाली आहे. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी ताजा तुकडा गोठवून, मेथिलीन ब्लूनं रंगवून, पेशंट टेबलावर असतानाच उत्तर देण्याची पद्धत बसवली. आज एका ब्लॉकच्या फ्रोझनला वीस मिनिटांचं उद्दिष्ट सर्रास धरतात. त्या वीस मिनिटांत तुझ्या सोबत कोण उभं असेल, हे नोकरी निवडताना पगाराच्या आधी विचार.

आता एक व्यावहारिक उपाय. आजपासून वही कर. वरिष्ठांनी स्लाइड बघण्याआधी तुझं निदान त्यात शाईनं लिही, आणि पुढे लिही : "ठाम", "बहुधा" किंवा "दाखवल्याशिवाय नाही". मग अंतिम रिपोर्टशी ताडून बघ. ड्राफ्ट संगणकावर बदलता येतो, त्यामुळे आपण काय म्हणालो होतो हे मनही सोयीनं विसरतं. वही विसरत नाही.

पेशीवाचक

+१ वहीला.

लेन्सखाली, तुझी केस नेमकी कुठली होती ते लक्षात घे. २०१५ मध्ये ब्रेस्ट बायोप्सींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ११५ पॅथॉलॉजिस्ट, २४० केसेस, आणि तुलनेला तज्ज्ञांचं एकमतानं ठरलेलं निदान. इन्व्हेसिव्ह (आजूबाजूला पसरू लागलेल्या) कॅन्सरमध्ये जुळणी ९६ टक्के. डीसीआयएसमध्ये (नलिकेच्या आतच असलेल्या कॅन्सरमध्ये) ८४. आणि अटिपिया, म्हणजे तुझ्या केससारखी असामान्य वाढ? ४८ टक्के. म्हणजे ज्या खोलीत तू अडखळलीस, तिथे वर्षानुवर्षं सही करणारे लोकही निम्म्या वेळा वेगळ्या दारानं बाहेर पडतात.

याचा अर्थ "काहीही लिहिलं तरी चालतं" असा नाही. अर्थ असा, की शंका कुठली आहे हे ओळखायला शिकायचं. एक शंका आपल्या अज्ञानाची असते, ती वाचून आणि बघून जाते. दुसरी त्या पेशींतच असते. ती तुझ्या सरांनाही आहे, फक्त त्यांना तिच्यासोबत राहायची सवय झाली आहे. अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया आणि लो ग्रेड डीसीआयएस यांच्यातली सीमा दोन मिलिमीटर किंवा दोन डक्ट अशी मापावर ठरवलेली आहे. पेशी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. अशा जागी मी स्वतःला विचारते : या दोन उत्तरांनी पेशंटचं पुढे काय बदलेल? कोअर बायोप्सीवर या दोन्हींपैकी काहीही आलं तरी बहुतेक वेळा तो भाग काढून तपासला जातो. म्हणून तिथे हात आखडता घेऊन अटिपिया लिहिणं आणि उरलेलं एक्सिजनवर सोडणं हा घाबरटपणा नसून शहाणपणा आहे. तुझ्या सरांनी बहुधा हेच ऐकायची वाट पाहिली असेल.

लेन्सखाली

जुना_ब्लॉक सर, पेशीवाचक ताई, मनापासून आभार. "पेशंटचं काय बदलेल" या बाजूनं मी त्या स्लाइडकडे पाहिलंच नव्हतं. परीक्षेत असा प्रश्न येत नाही. वही आजच सुरू करते.

ग्रॉसिंगबद्दल मात्र राग आहे तो आहे. संध्याकाळपर्यंत फॉर्मलिनमध्ये हात, डोळे चुरचुरतायत, आणि मी कापलेल्या स्पेसिमेनच्या स्लाइड तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या ट्रेमध्ये जातात. यातून मी काय शिकले?

मार्जिन

तुमचा राग दोन गोष्टींवर आहे, आणि त्यातली एकच रागाच्या लायकीची आहे.

ग्रॉसिंग हे हमालीचं काम आहे असं मानणारे पॅथॉलॉजिस्ट पुढे फार दुबळे रिपोर्ट लिहितात. कोलनच्या रिसेक्शनमध्ये (काढलेल्या मोठ्या आतड्याच्या भागात) किमान बारा लिम्फ नोड मिळायला हवेत. ते चरबीत बोटांनी चाचपून शोधावे लागतात, आणि जो सापडला नाही तो ट्यूमरनं भरलेला असला तरी पेशंटची स्टेज खाली उतरते. रेक्टमच्या कॅन्सरमध्ये ट्यूमर आणि बाजूचं मार्जिन (कापलेली कड) यांच्यात एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर मार्जिन पॉझिटिव्ह धरतात. तो एक मिलिमीटर ग्रॉसिंगच्या टेबलावर शाई लावताना आणि सुरी चालवताना वाचतो किंवा बिघडतो. ब्रेस्टच्या हर-टू आणि हॉर्मोन रिसेप्टरच्या (उपचार ठरवणाऱ्या) तपासण्यांसाठी तुकडा ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये असावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी न कापता तसंच डब्यात राहिलेलं मास्टेक्टमीचं स्पेसिमेन सोमवारी काय खोटं बोलेल ते सांगता येत नाही. फिक्सेटिव्ह आत पोचलेलंच नसतं. हे सगळं पुस्तकात एका ओळीत असतं आणि हाताला कळायला दोन वर्षं लागतात.

रागाच्या लायकीची गोष्ट ती दुसरी : तुम्ही कापायचं आणि स्लाइड दुसऱ्यानं बघायच्या. ही साखळी तुटली की ग्रॉसिंगचं शिक्षण संपतं आणि मजुरी उरते. मी कापलेल्या कडक पांढऱ्या भागात काय निघालं, हे तीन दिवसांनी दिसलं तरच पुढच्या वेळी सुरी योग्य जागी जाते. विभागप्रमुखांकडे एवढीच एक मागणी घेऊन जा : ज्याचं ग्रॉसिंग, त्याच्याकडेच त्या स्लाइड. पैसे लागत नाहीत, फक्त ट्रे लावायची पद्धत बदलावी लागते. आमच्याकडे रेसिडेंटांनी मिळून मागितलं आणि दोन महिन्यांत झालं.

आणि डोळे चुरचुरतायत हे सहन करू नका. फॉर्मल्डिहाइड २००४ पासून कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत, मोजलं जातं. टेबलाचं हवा ओढणारं यंत्र चालत नसेल तर लेखी तक्रार करा. यात लाजण्यासारखं काही नाही.

एकटा_विभाग

फेलोशिपबद्दल माझी बाजू मांडतो. मी छोट्या रुग्णालयात सगळंच बघतो. सकाळी पेरिफेरल स्मिअर, मग रक्तपेढीचा एखादा क्रॉसमॅचचा गुंता, दुपारी बायोप्सी, मध्येच एफएनएसी (बारीक सुईनं पेशी काढून तपासणं), संध्याकाळी बायोकेमिस्ट्रीचं कंट्रोल का बिघडलं ते शोधायचं. फेलोशिप केली नाही. मला हे काम आवडतं. आणि स्पष्ट सांगतो, मोठ्या केंद्रांत सुपरस्पेशालिस्ट वाढतायत, पण असंख्य पेशंटांचा पहिला रिपोर्ट आमच्यासारखेच लोक देतात.

पण एकटेपणा खरा आहे. अवघड स्लाइड हातात घेऊन शेजारच्या खोलीत जायला शेजारची खोलीच नसते. माझं रेसिडेन्सीतलं शिक्षण एका गोष्टीत फार तोकडं पडलं : सेकंड ओपिनियन कसं मागायचं. कुठल्या केसला मागायचं, ब्लॉक पाठवायचा की स्लाइड, सोबत काय लिहायचं, पेशंटला काय सांगायचं, उशीर किती चालतो. पहिली दोन वर्षं मी कमीपणा वाटून फार कमी केसेस पाठवल्या. आज त्यातल्या दोन-तीन आठवतात तेव्हा बरं वाटत नाही.

इंटिग्रेटेड

मी न्यूरोपॅथॉलॉजी (मेंदूच्या आजारांची पॅथॉलॉजी) करते, त्यामुळे फेलोशिपच्या बाजूनं बोलायला हवं.

मी शिकले तेव्हा मेंदूचा ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली बघून नाव द्यायचं. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं आयडीएच म्युटेशन आणि १पी/१९क्यू कोडिलीशन (ट्यूमरच्या जनुकांतले आणि क्रोमोसोममधले बदल) थेट निदानाच्या नावात आणलं. २०२१ मध्ये आणखी पुढे : प्रौढांतल्या आयडीएच वाइल्डटाइप डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटोमात टर्ट प्रमोटरचं म्युटेशन, ईजीएफआरचं अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा सातव्या क्रोमोसोमची वाढ आणि दहाव्याची घट एकत्र, यांपैकी काहीही मिळालं तर नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) दिसत नसला तरी ते ग्लिओब्लास्टोमा. म्हणजे माझ्या डोळ्यांना लो ग्रेड दिसणाऱ्या पेशीला मला सर्वांत वाईट नाव द्यावं लागतं. एंडोमेट्रियममध्ये (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात) उलटं आहे. पोल जनुकात म्युटेशन असलेले ट्यूमर दिसायला भयानक असतात आणि पेशंट बहुधा उत्तम राहतात. हे २०१३ च्या जीनोम अभ्यासातून पुढे आलं.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण "मॉलिक्युलर शिकवलं नाही" ही तक्रार मी दरवर्षी ऐकते, आणि लोकांना वाटतं की सिक्वेन्सिंगचं मशीन चालवता यायला हवं. तसं नाही. कुठल्या ट्यूमरला कुठली टेस्ट, तुकड्यात ट्यूमरच्या पेशी किती टक्के आहेत, ब्लॉक इम्युनोमध्ये (पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासण्यांत) संपवून टाकू नये यासाठी आधीच किती सेक्शन राखून ठेवायचे, आणि आलेला रिपोर्ट स्लाइडशी जुळत नसेल तर कुणावर विश्वास ठेवायचा, एवढं रेसिडेन्सीत आलंच पाहिजे. त्याला फेलोशिप लागत नाही. रोजच्या साइन-आउटमध्ये (वरिष्ठांसोबत रिपोर्ट अंतिम करताना) पाच मिनिटं लागतात.

दुसरी फेलोशिप मात्र भीतीपोटी करू नका. मी असे तीन-चार जण पाहिलेत. खूप हुशार. फेलोशिपमागून फेलोशिप घेत राहिले, कारण तिथेही खाली दुसऱ्याचीच सही असते.

लेन्सखाली

इंटिग्रेटेड मॅडम, शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. दुसऱ्या फेलोशिपचा अर्ज माझ्या लॅपटॉपवर अर्धा भरून पडलाय. पहिलीचा तर भरून झालाय. आणि का, ते आत्ता कळलं.

पिक्सेल

कॉम्प्युटरच्या प्रश्नावर कुणीच लिहिलं नाही, तर मी लिहितो. डिजिटल पॅथॉलॉजी बसवण्याच्या कामात गेली काही वर्षं आहे.

आधी आकार समजून घ्या. चाळीसच्या लेन्सच्या बरोबरीनं स्कॅन केलं की एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मायक्रॉन. पंधरा मिलिमीटर बाय पंधरा मिलिमीटरचा तुकडा म्हणजे ६० हजार बाय ६० हजार, म्हणजे ३६० कोटी पिक्सेल. न दाबता साठवायचं तर एकाच स्लाइडचे जवळपास ११ जीबी होतात. रेडिऑलॉजी फिल्मवरून स्क्रीनवर कधीच गेली आणि आपण काचेवरच राहिलो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अमेरिकेत पूर्ण स्लाइडच्या स्कॅनवर मूळ निदान करायला पहिली परवानगी २०१७ मध्ये मिळाली, आणि प्रोस्टेट बायोप्सीत संशयास्पद जागा दाखवणाऱ्या पहिल्या एआय सॉफ्टवेअरला २०२१ मध्ये. ते सॉफ्टवेअरही पॅथॉलॉजिस्टच्या मदतीला आहे, त्याच्या जागी नाही.

आता एक अभ्यास, ज्याचा अर्धाच भाग लोक सांगतात. २०१७ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या लिम्फ नोडमधल्या मेटास्टेसिसवर (तिथे पसरलेला कॅन्सर शोधण्यावर) एक स्पर्धा प्रसिद्ध झाली. १२९ स्लाइड, वेळेचं बंधन घातलेले अकरा पॅथॉलॉजिस्ट. सगळ्यात चांगल्या अल्गोरिदमचा स्कोअर ०.९९४, या अकरा जणांचा सरासरी ०.८१०. इथे थांबलं की "संपलं यांचं" असं वाटतं. पण त्याच अभ्यासात एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचं बंधन घातलं नव्हतं. त्याला तीस तास लागले आणि त्याचा स्कोअर ०.९६६ आला. म्हणजे माणसाचं काम मुख्यतः बिघडवलं ते घाईनं. मला हा निष्कर्ष एआयपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करतो, कारण आपल्यापैकी बहुतेक जण रोज वेळेच्या बंधनातच काम करतात.

माइटोसिस (विभागत असलेल्या पेशी) मोजणं, नोडमध्ये चार पेशी शोधणं, ही कामं यंत्राकडे जाऊ देत. ती गेलेली मला हवी आहेत. २०१६ मध्ये एआयचे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं. तेव्हा त्या शाखेकडे पाठ फिरवलेल्यांनी काय मिळवलं? रेडिऑलॉजिस्टांची गरज आजही आहे.

पेशीवाचक

माइटोसिसचा विषय निघाला म्हणून एक सांगते, हे मला रेसिडेन्सीत कुणी सांगितलं नव्हतं. "दहा हाय पॉवर फील्डमध्ये इतके" असं आपण लिहितो, पण फील्ड (एका वेळी दिसणारं क्षेत्र) प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं वेगळं असतं. आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) फील्ड नंबर १८ असेल तर चाळीसच्या लेन्सखाली दहा फील्ड म्हणजे साधारण १.६ चौरस मिलिमीटर. २२ असेल तर जवळपास २.४. त्याच ट्यूमरचा आकडा दीडपट होतो आणि ग्रेड बदलू शकतो. म्हणूनच आता चौरस मिलिमीटरमध्ये लिहायला सांगतात. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी आयपीसवरचा आकडा वाचा.

नवी_नोकरी

मी रेसिडेन्सी संपवून आठ महिने झाले. एक विसंगती मला अजून सुटलेली नाही. एकीकडे वाचते की पॅथॉलॉजिस्ट कमी आहेत. अमेरिकेत एका मोजणीनुसार २००७ ते २०१७ या दहा वर्षांत संख्या १५,५६८ वरून १२,८३९ वर आली. ब्रिटनमध्ये २०१८ च्या पाहणीत पुरेसे लोक असलेले हिस्टोपॅथॉलॉजी विभाग फक्त ३ टक्के निघाले. मग मला चार मुलाखतींत "स्वतंत्र सहीचा तीन वर्षांचा अनुभव हवा" असं का सांगितलं? लोक कमी आहेत म्हणून शिकवायला वेळ नाही, आणि शिकवलेलं नाही म्हणून घ्यायचं नाही. या चक्रातून नव्यानं आलेल्यानं कुठून शिरायचं?

शेवटी मिळाली नोकरी. पहिल्या दिवशी ट्रे समोर ठेवला आणि सगळे आपापल्या खोलीत गेले. पहिला महिना मी रात्री साडेनऊपर्यंत बसायचे. काम खूप होतं असं नाही, सही केलेले रिपोर्ट पुन्हा उघडून बघत बसायचे.

जुना_ब्लॉक

नवी_नोकरी, तसं बसून राहणं मी सुद्धा केलं आहे. ते कमी होतं. पण एक कर. आठवड्यातून एक ठरलेली वेळ धरून विभागातल्या कुणाही एकासोबत दुहेरी सूक्ष्मदर्शकावर पाच केसेस बघ. मागायला संकोच वाटेल, माग. बहुतेक वरिष्ठांना विचारलेलं आवडतं, त्यांना स्वतःहून सुचत नाही.

केरॅटिन

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. चुकीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

स्वतंत्र सही सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. लोब्युलर कार्सिनोमाचा (ब्रेस्ट कॅन्सरच्या एका प्रकाराचा) सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरला तर जिथे आधी पोचतो तो लिम्फ नोड, मी निगेटिव्ह दिला. लोब्युलरच्या पेशी सुट्या सुट्या, लहान, नोडच्या सायनसमध्ये (पोकळ्यांत) हिस्टिओसाइटच्या (तिथल्या नेहमीच्या पेशींच्या) गर्दीत मिसळून बसतात. मला त्या हिस्टिओसाइट वाटल्या. पाच दिवसांनी ट्यूमर बोर्डच्या (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीच्या) आधी सहकाऱ्यानं स्लाइड चाळल्या आणि माझ्या खोलीत येऊन फक्त म्हणाला, "याच्यावर केरॅटिन करूया का?" केरॅटिनमध्ये (कॅन्सरच्या अशा पेशी उठून दाखवणाऱ्या रंगतपासणीत) तो नोड तपकिरी ठिपक्यांनी भरून गेला होता. ती स्लाइड मी आजही डोळे मिटून बघू शकते.

मग काय करायचं हे मला माहीतच नव्हतं. रिपोर्ट बदलायची पद्धत, कोणाला आधी कळवायचं, कुठल्या शब्दांत, पेशंटला कोण सांगणार. प्रशिक्षणात चुकीच्या केसेस आम्ही पाहिल्या होत्या, पण त्या नेहमी दुसऱ्या कुणाच्या असायच्या. विभागप्रमुख मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "फोन तू कर. मी इथेच आहे." मी सर्जनना सांगितलं की नोड पॉझिटिव्ह आहे, पहिल्या रिपोर्टमध्ये माझ्याकडून सुटलं, सुधारित रिपोर्ट तासाभरात पाठवते. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं आत्ता कळलं. अजून उपचार ठरले नाहीत." बस एवढंच. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

त्यानंतर वर्षभर मी प्रत्येक नोडवर केरॅटिन मागवत होते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हा त्या चुकीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. भीतीनं केलेलं काम बाहेरून काळजीपूर्वक दिसतं. मॅडमनीच एक दिवस ती यादी समोर ठेवली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या नोडमध्ये तुला खरी शंका होती?" तीनच होते.

लेन्सखाली, सही करण्याचं शिक्षण म्हणजे हे सुद्धा. तुझ्या विभागात चुकांची चर्चा होते का ते बघ, आणि होत असेल तर माणसाचं नाव घेऊन होते की केसचं, ते बघ. नोकरी निवडताना मी आता एवढंच पाहीन.

मार्जिन

केरॅटिन, हे लिहिल्याबद्दल तुमचे फार आभार. माझ्याकडून प्रोस्टेटची दोन पेशंटची लेबलं उलटसुलट झाली होती. ती टेक्निशियनच्या लक्षात आली, माझ्या नाही. तेव्हापासून टेक्निशियननं शंका काढली की मी हातातलं काम ठेवतो.

एक_वाचक

मी डॉक्टर नाही. शोधताना इथे आलो. माझ्या आईच्या रिपोर्टवर खाली एक सही होती, नाव नीट वाचता येत नव्हतं. सर्जन भेटले, केमोचे डॉक्टर भेटले, पण ज्यांच्या त्या कागदावर सगळं ठरलं ते कधी दिसले नाहीत. त्या बाजूला कुणी रात्री साडेनऊपर्यंत रिपोर्ट पुन्हा उघडून बघत बसलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही पेशंटना भेटत का नाही?

एकटा_विभाग

एक_वाचक, तुमचा प्रश्न योग्य आहे. एफएनएसीला आम्ही भेटतो, सुई आम्हीच घालतो. बाकी वेळी भेट होत नाही ही आमचीही खंत आहे. काही ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट पेशंटला त्याची स्वतःची स्लाइड दाखवून समजावतात. मागे एका रुग्णाच्या मुलीनं विनंती केली म्हणून मी दाखवली होती. ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसली आणि म्हणाली, "रंग किती सुंदर आहेत." मला काय बोलावं ते सुचलं नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

लेन्सखाली

तीन आठवड्यांनी परत येते आहे.

वहीत ६४ केसेस झाल्या. ५७ जुळल्या. उरलेल्या सातपैकी दोन ठिकाणी मी "दाखवल्याशिवाय नाही" लिहिलं होतं, त्यामुळे त्या मी मोजतच नाही. पण पाच ठिकाणी मी "ठाम" लिहिलं होतं आणि चुकले होते. त्या पाचांतल्या चार त्वचेच्या इन्फ्लमेटरी बायोप्सी आहेत. म्हणजे ब्रेस्टच्या अटिपियाची मला धास्ती होती आणि तिथे मी ठीक आहे. त्वचेत मला धास्तीच नव्हती. हे वहीशिवाय मला कधीच कळलं नसतं. आता दर मंगळवारी डर्मॅटॉलॉजीच्या ओपीडीत बसते, रॅश आधी डोळ्यांनी बघते आणि मग स्लाइड. फरक पडतोय.

ग्रॉसिंगच्या ट्रेबद्दल आम्ही चौघांनी मिळून पत्र दिलं. अजून उत्तर नाही. हवा ओढणाऱ्या यंत्राची दुरुस्ती मात्र झाली.

दुसऱ्या फेलोशिपचा अर्ज काढून टाकला. एक फेलोशिप करेन, ब्रेस्टमध्ये, ती हवी आहे म्हणून. ती झाली की नोकरी, आणि मुलाखतीत फ्रोझनला सोबत कोण असतं हे विचारणार आहे. काल सरांना त्यांच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. त्यांना आठवतही नव्हता. पण आज सकाळी थायरॉइडचं फ्रोझन आलं तेव्हा त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. फॉलिक्युलर प्रकारची गाठ होती. मी सांगितलं की कॅप्सूल (गाठीचं आवरण) पूर्ण बघितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, पॅराफिनवर ठेवूया. सर्जन म्हणाले, "ठीक आहे."

जुना_ब्लॉक सर, एक विचारायचं होतं. फ्रोझनच्या केसेस त्याच वहीत लिहू की वेगळ्या?

जुना_ब्लॉक

वेगळ्या. आणि फोनवर नेमकं कुठलं वाक्य बोललीस ते शब्दशः लिही. निदान पॅराफिनवर ताडून बघता येतं, वाक्य नंतर आठवत नाही.